आत्ता साइटवर एक जण

१

माझं काम सांगितलं की लोक एकतर जांभई देतात, नाहीतर आपल्या मुलाला त्यात नोकरी लागेल का ते विचारतात. लोकांच्या वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, कुठल्या पानावर किती वेळ रेंगाळलं आणि काहीही न घेता कसं निघून गेलं, हे मी मोजते. दिवसभर आकड्यांकडे डोळे लावून बसायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून मी सूचना लावून देते. बुटांच्या दुकानाची गिऱ्हाइकं अचानक रोडावली की दुकानदाराला आपोआप मेल जातो. दातांच्या डॉक्टरच्या साइटवर एकदम झुंबड उडाली की डॉक्टरला मेल. किती फरक पडला की मेल जायचा, ती मर्यादा नीट ठरवली तर मेल क्वचित येतो, आणि आला की काहीतरी खरंच बदललेलं असतं. मर्यादा चुकली तर इतके मेल येतात की माणूस ते उघडणंच सोडून देतो. सगळी कला एवढ्यातच आहे आणि ती मला येते. उगाच नम्रपणा दाखवायची मला सवय नाही.

आमच्या जुन्या घराची साइट मी स्वतःच्या हौसेने केली. आई गेल्यावर बाबा तिथे एकटेच राहायला लागले. ते बसचे कंडक्टर होते, आता निवृत्त. आमच्या फ्लॅटवर या म्हणून मी घसा कोरडा केला, पण ते ढिम्म हलले नाहीत. शेवटी मी आणि नवऱ्याने तोडगा काढला. वरच्या दोन खोल्या प्रवाशांना राहायला द्यायच्या. घरात चार माणसं येती-जाती राहतील, बाबांवर कुणाचीतरी नजर असेल.

"आणखी कुणी कशाला?" बाबा म्हणाले.

"आणखी म्हणजे? तुम्ही एकटेच तर आहात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. मी तो होकार धरला. बाबांच्या गप्प बसण्याला होकार धरायचा हा माझा लहानपणापासूनचा उद्योग.

साइटवर मी प्रत्येक जागेचं वेगळं पान केलं. हॉल, स्वयंपाकघर, वरची पहिली खोली, वरची दुसरी, आणि तळमजल्यावरची मागची खोली. ती पाहुण्यांना निवांत बसायला ठेवली होती. "घर आहे की संग्रहालय?" नवरा हसला. घरात इंटरनेट घेतलं, सूचना लावल्या आणि वाट बघत बसले.

पहिला मेल भर दुपारी ऑफिसात आला. *मागची खोली. भेटींमध्ये नेहमीपेक्षा मोठी वाढ.* मी खुर्चीतच एक गिरकी घेतली आणि लगेच बाबांना फोन लावला.

"बाबा, लोक आपलं घर बघतायत!"

बाबांनी आवाज एकदम खाली आणला.

"कुठली खोली?"

"मागची."

"हां. आत्ता मी तिथेच बसलोय."

"अहो, तुम्हाला नाही बघत कुणी. फोटो बघतायत."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

२

मेल रोज येत राहिले, पण एकही बुकिंग आलं नाही. चौकशीचा एक फोन नाही, एक ओळ नाही. एवढी माणसं येतात आणि एकही तोंड उघडत नाही, हे माझ्या धंद्यात बसत नव्हतं. मी तपशील उघडले आणि कपाळावर हात मारून घेतला.

कुठल्याही साइटवर सगळ्यात जास्त लुडबूड मालकाचीच असते. स्वतःचंच पान तो दिवसातून दहादा उघडतो आणि आकडे उगाच फुगतात. म्हणून सगळ्यात आधी मालकाच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक टाकून त्या भेटी बाजूला काढायच्या असतात. तिथे दोन पर्याय एकाखाली एक असतात. "या भेटी वगळा" आणि "फक्त याच भेटी मोजा." नवी पोरं हटकून दुसऱ्यावर टिचकी मारतात आणि मी त्यांची खरडपट्टी काढते. मी घरच्या साइटवर नेमकी तीच माती खाल्ली होती.

स्वतःशीच हसत मी दुरुस्ती करायला घेतली आणि हात थांबला. याचा अर्थ, बाहेरच्या जगातलं कुणीही या आकड्यांत नव्हतं. एवढे दिवस मोजल्या गेल्या होत्या त्या सगळ्या भेटी आमच्या घराच्या आतून झालेल्या होत्या.

घरात बाबा एकटे. त्यांच्याकडे बटणांचा फोन, ज्यावर ते फक्त हिरवं आणि लाल बटण ओळखतात. घरात संगणक नाही. टीव्हीसुद्धा जुना, डबा. आलेला माणूस फोनवरून आला की संगणकावरून, हे सांगणारा एक रकाना असतो. त्या रकान्यात प्रत्येक भेटीपुढे एकच उत्तर होतं, नोंद नाही.

"शेजारचं पोरगं वायफाय चोरत असणार," संध्याकाळी नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे एक सैल झालेला स्क्रू असतो. "आमच्या लिफ्टही कधीकधी कुणी नसताना मजल्यावर थांबतात. दार उघडतात, बंद होतात. वायरीत ओल गेलेली असते."

"शेजारच्या पोराला आपल्या मागच्या खोलीत एवढं काय आहे? दुपारभर एकच पान उघडून बसतो तो."

"मग तुझं ते मोजायचं यंत्रच गंडलंय. मॅडम, तुमच्याकडूनही चुका होतात, आजच सिद्ध झालं."

तो खिजवत होता. मला हसू आलं नाही. दुरुस्ती मी केलीच नाही. मोजणी फक्त घरातलीच चालू ठेवली, आणि सूचनेची मर्यादा आणखी खाली आणली.

३

रविवारी आम्ही दोघं गेलो. दुपारची वेळ होती, हॉलभर ऊन होतं, आणि असल्या उन्हात मला माझाच वेडेपणा वाटायला लागला. आधी वायफायचा पासवर्ड बदलला. मग एखादा विसरलेला फोन, एखादं जुनं यंत्र सापडतं का म्हणून कपाटं, माळा, गादीखाली सगळीकडे शोधलं. काहीच मिळालं नाही. नवरा अंगणात गाडी धूत होता. मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसले. तो माझ्या फोनच्या इंटरनेटवर चालवला होता, घरच्या नाही, आणि साइट मुळीच उघडली नव्हती. उघडला होता फक्त साइटवर या क्षणी कोण आहे ते दाखवणारा पडदा.

*आत्ता साइटवर: १. पान: हॉल.*

समोरच्या खुर्चीत बाबा चष्मा पुसत होते. हॉलमध्ये आणखी कुणी नव्हतं.

बाबा उठले. "मी आता स्वयंपाकघरात जातो," ते म्हणाले. "पाणी प्यायला."

ते माझ्याकडे बघून बोलले असते तर काही वाटलं नसतं. ते जिन्याजवळच्या कोपऱ्याकडे बघत बोलले. सावकाश, स्पष्ट, दुसऱ्याला नीट समजावं असं. मग चपला घासत आत गेले. नळाचा आवाज आला. पडद्यावर अजून हॉलच होता. थोड्या वेळाने तो पुसला गेला आणि तिथे स्वयंपाकघर आलं.

योगायोग, मी मनात म्हटलं. मी आकड्यांतली बाई आहे, एका योगायोगाने माझा तोल जात नाही. मी हाक मारली, "बाबा, वरच्या खोलीची खिडकी लावता का?"

बाबा बाहेर आले. थोडे थबकले. "वर जातोय," ते म्हणाले. "जिना आहे. सावकाश."

आमच्या जिन्याची एक पायरी करकरते, मधली. ती बाबांच्या पायाखाली करकरली. त्यांच्या चपला वर पोचल्या, खिडकी ओढल्याचा आवाज आला, कडी लागली. मी पडद्याकडे बघत होते. स्वयंपाकघर. अजून स्वयंपाकघर. बाहेर अंगणात नवऱ्याने पाण्याची बादली ओतली.

मग ती पायरी पुन्हा करकरली.

मी मान वर केली नाही. जिना माझ्या उजव्या हाताला होता, मान वळवली असती तर सगळा दिसला असता. मी वळवली नाही, हे खरं आहे. पडद्यावर आलं, वरची पहिली खोली.

बाबा खाली आले तेव्हा मी लॅपटॉप मिटून छातीशी धरला होता. "कुणाशी बोलता तुम्ही?" मी विचारलं. आवाज मला हवा तेवढा साधा निघाला नाही.

"सवय आहे गं. जन्मभर थांबे पुकारले." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थंड होता. "पुढचं आधी सांगितलेलं बरं असतं. नाही सांगितलं, तर माणूस गडबडतो. शोधत सुटतो."

"कुठला माणूस?"

"मी बसमधल्या माणसांबद्दल बोलतोय, मोजणीबाई," बाबा म्हणाले. लहानपणी मी सगळं मोजत सुटायचे, तेव्हापासूनचं ते नाव. हसत म्हणाले, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं.

४

परत निघताना मी इंटरनेटचा डबाच भिंतीवरून काढला आणि पिशवीत टाकला. जोडणीच नाही म्हटल्यावर भेटी कुठून येणार? घरी गेल्यावर जोडणी बंद करायचा अर्जही केला, तशी बंद झाल्याची पोचही आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आला. *मागची खोली. भेटींमध्ये वाढ.* जोडणीचा क्रमांक तोच होता, जो आता जगात कुणाचाच नव्हता.

मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघितलं नाही. मला भीती वाटत होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती. बाबा त्या घरात होते, रात्रंदिवस, आणि त्यांच्या मागोमाग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काहीतरी फिरत होतं. त्यांना ते ठाऊक होतं, का ते हळूहळू भ्रमिष्ट होत चालले होते, हे मला कळत नव्हतं. दोन्हींवर इलाज एकच होता. त्यांना तिथून काढायचं.

"मी येणार नाही," बाबा फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज एवढा कडक मी शाळेत असतानाच शेवटचा ऐकला होता.

"का पण?"

"मी आलो तर इथे कोण बसेल?"

"कुणी बसायची गरज काय आहे? घर काय पळून जाणार आहे?"

"घर नाही पळणार," बाबा म्हणाले.

सरळ मार्गाने जमत नव्हतं म्हणून मी वाकडा काढला. डोळे तपासायला न्यायचंय, डॉक्टरची वेळ घेतलीय, आता नाही म्हटलं तर माझी लाज जाईल, असं सगळं धडाधड बोलले. बाबा माझ्या लाजेला फार जपतात. ते तयार झाले. "पण संध्याकाळच्या आत परत," त्यांनी मला दोनदा बजावलं, आणि मी दोन्ही वेळा खुशाल हो म्हटलं.

नवरा त्यांची पिशवी घेऊन गाडीकडे गेला. मी हॉलमध्ये थांबले. बाबा मागच्या खोलीच्या दारात उभे होते, एक हात चौकटीवर. आत पडदा ओढलेला होता, ऊन त्यातून पिवळं होऊन जमिनीवर पडलं होतं. रिकामी आरामखुर्ची, टेबल, भिंत. रोजचीच खोली, पण त्या अर्धवट उजेडात ती भरल्यासारखी वाटत होती. माणसांनी गच्च भरलेल्या खोलीत आवाज कसे दबतात, तसं काहीसं होतं.

"मी जरा बाहेर जाऊन येतो," बाबा आत बघत म्हणाले. "तू बस."

त्यांनी दार इतक्या हळू लावलं की कडीचासुद्धा आवाज आला नाही.

गाडीत बाबा एकदम म्हणाले, "तुझा पत्ता आपल्या घरात कुठे लिहिलेला नाही ना?"

"नाही. का?"

"नक्की?"

"बाबा, चोरांची भीती वाटते का?"

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. संध्याकाळी आम्ही त्यांना परत नेलं नाही. त्यांनीही ओरडाआरडा केला नाही. आतल्या खोलीतल्या पलंगावर पाय खाली सोडून ते बसून राहिले, कुणीतरी येणार असल्यासारखे दाराकडे तोंड करून.

५

पुढच्या दिवशी मी कामावर गेले. नवऱ्याची दुपारची पाळी होती, तोवर तो बाबांपाशी थांबणार होता. सकाळभर एकही मेल आला नाही आणि माझ्या जिवात जीव आला. अधूनमधून मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी गप्पासुद्धा मारल्या.

जेवणाच्या सुमारास सुरुवात झाली. मागची खोली. हॉल. स्वयंपाकघर. मागची खोली. वरची पहिली. वरची दुसरी. मागची खोली. मेलवर मेल येऊन पडत होते. आतापर्यंत ते एकेका पानावर तासन्‌तास थांबायचं. आता क्षणभर थांबत होतं आणि पुढे जात होतं, पुन्हा मागे येत होतं, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. ज्याला हवी ती गोष्ट सापडत नाही, तो माणूस साइटवर असाच फिरतो. आम्ही त्याच्यासाठी वाटा सोप्या करून देतो, आमचा पगारच त्याचा असतो.

मग यादीत अशी पानं दिसायला लागली जी मी कधी केलीच नव्हती. एखाद्याने साइटवर नसलेल्या पानाचा पत्ता मागितला, तरी त्याची नोंद होते. *जिन्याखाली. माळा. मोठं कपाट. पलंगाखाली.* माझ्या लहानपणी बाबा माझ्याशी लपाछपी खेळायचे तेव्हा मी ज्या क्रमाने त्यांना शोधायचे, जवळजवळ तोच क्रम. मी साइट बंद करायला निघाले, पासवर्ड दोनदा चुकला. तेवढ्यात नवा मेल आला.

*संपर्क. या पानावर प्रथमच भेट.*

संपर्काचं पान कुणी लक्षात ठेवतं का? प्रत्येक साइटला असतं, मी ते डोळे झाकून करते. फोनची कटकट बाबांना नको म्हणून तिथे मी माझा फोन दिला होता, आणि बुकिंगच्या कागदपत्रांसाठी आमच्या फ्लॅटचा पत्ता. इमारत, मजला, दार. शिवाय खाली नकाशा, कसं यायचं ते दाखवणारा.

मी पान काढून टाकलं. पण त्या भेटीचा वेळ तोवर नोंदला गेला होता. दोन ओळींचा पत्ता वाचायला जितका वेळ लागावा, त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ ते तिथे थांबलं होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने अक्षर न्‌ अक्षर लावून वाचावं, इतका.

त्यानंतर एकच मेल आला. भेटी शून्यावर आल्या होत्या. एरवी हा मेल आला की दुकानदार मला रडकुंडीला येऊन फोन करतात. नवऱ्याला मी तो फोनवर वाचून दाखवला.

"सुटलीस," तो म्हणाला. "मी कामावर निघालोय. बाबा ठीक आहेत, नुसते बसलेत. आता ते मेल बंद कर आणि जरा माणसांत ये."

मीही क्षणभर सुटल्याचाच श्वास सोडला. मग वाटलं, घरात कुणीच नाही, म्हणजे ते घरातून निघालं. खुर्चीवरची पर्स मी उचलली आणि कुणाला न सांगता बाहेर पडले.

६

फ्लॅटवर पोचले तेव्हा भरपूर उजेड होता. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. आमच्याच मजल्यावर. मी जिन्याने चढले. दाराला किल्ली लावली आणि आतून बाबांचा आवाज आला, तो सावकाश, स्पष्ट आवाज.

"दार वाजतंय. घाबरायचं नाही. माझी मुलगी आलीय. ती माझी मुलगी आहे."

मी तशीच उभी राहिले, किल्ली हातात धरून. माझ्या स्वतःच्या घरात माझी ओळख करून दिली जात होती. मला तिथून पळून जायचं होतं. पण बाबा आत होते.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांच्या पायात बूट होते, नाडी नीट बांधलेली. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, मग खुणेने दारातच थांब म्हणाले. दारामागचा भाग मला दिसत नव्हता. तिथे आमचं कपडे वाळत घालायचं स्टँड असतं. त्यावरची एक ओढणी हलकेच आत-बाहेर होत होती, पण पंखा बंद होता.

"आई आहे का?" मी पुटपुटले. इतके दिवस हा प्रश्न माझ्या पोटात होता. आई असती तर त्यातल्या त्यात बरं होतं.

बाबांचे डोळे भरून आले. "नाही गं. तुझी आई असती तर मी घाबरलो असतो का?"

"मग कोण आहे?"

"मला तरी कुठे माहीत. एक दिवस होतं, एवढंच." ते माझ्याशी बोलत होते, पण नजर दारामागून हलत नव्हती. "मी कुठे जातो ते सांगितलं की शांत राहतं. मी बसलो की बसतं. माझी त्याला सवय झाली आणि मलाही जमायला लागलं होतं. म्हणून मी तिथे बसत होतो, बाळा. मी तिथे असलो की ते तिथे असतं."

मला आत्ता कळत होतं. हट्टी म्हातारा, एकलकोंडा म्हातारा, भ्रमिष्ट होत चाललेला म्हातारा, असं सगळं मी त्यांना मनातल्या मनात म्हणून घेतलं होतं. ते तिथे आमच्यासाठी बसले होते. आणि मी त्यांना खोटं बोलून उचलून आणलं होतं, वर त्याला यायची वाटही दाखवली होती. मला रडू फुटलं. ओढणी थांबली.

"रडू नकोस," बाबा घाईघाईने म्हणाले. "आवाज नको. त्याला वाटेल तू त्याच्याशी बोलतेयस. गाडीची किल्ली आण. मला परत सोड."

"आणि मग?"

"मग काय? मग मी बसतो."

७

बाबा मागे बसले. मी पुढे. बसल्या बसल्या मी आतला आरसा वर वळवला, त्यात फक्त गाडीचं छप्पर दिसेल असा. ते सगळ्या वाटेने बोलत होते. आता पूल येईल. आता डावीकडे वळायचं. आता थोडे खड्डे आहेत. माझ्या मानेवर काचेतून येणारं ऊन पडत होतं, तरी मला थंडी वाजत होती. गाडीत एक वास होता, खूप दिवस बंद असलेल्या कपाटाचा. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने आमच्या मागच्या सीटकडे सहज बघितलं. मग तिने झटकन काच वर केली.

मी एकदा तोंड उघडलं. "बाबा, मी येऊन राहू का तिथे? तुमच्याबरोबर?"

"आता उजवीकडे," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, आणि ते दिलं नाही म्हणून मला बरं वाटलं. हे मी कबूल करते. मला अतिशय बरं वाटलं.

घरापाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी फाटकासमोर गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. बाबा उतरले. त्यांनी मागचं दार लावलं नाही. ते उघडं धरून बाजूला उभे राहिले, एखादं वयस्कर माणूस सावकाश उतरत असताना आपण धरतो तसं. "पाय जपून," ते म्हणाले. "आलं आपलं घर."

काही झालं नाही. रस्त्यावर एक कुत्रं उभं होतं, ते निघून गेलं. बाबा दार धरून उभेच होते, चेहऱ्यावर धीराचं, दमलेलं हसू.

मग गाडी वर उठली. फार नाही. मागच्या सीटवरचं माणूस उतरल्यावर जेवढी उठते तेवढीच.

बाबांनी दार लावलं. माझ्या खिडकीशी आले, काचेवर बोटं टेकवली. "नीट जा. इथे थांबू नकोस. फोन मी करेन, तू करू नकोस," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. माझ्याकडे एकदा डोळे भरून बघितलं आणि वळले. "आता फाटक," ते मोठ्याने म्हणाले. "आता दोन पायऱ्या. आता दार."

ते आत गेले. हॉलच्या खिडकीत त्यांची सावली हलली, मग दुसरीकडे सरकली. दिवा त्यांनी लावला नाही. मी किल्लीवर हात ठेवून बसले होते आणि माझ्याच्याने निघवत नव्हतं. माझा बाप होता तो. काहीही झालं तरी त्यांना ओढून न्यायला हवं होतं, दूर कुठेतरी, जिथला पत्ता कुठेच लिहिलेला नाही. मी काच खाली केली. हाक मारायला श्वास घेतला.

हॉलच्या उघड्या खिडकीतून बाबांचा आवाज आला. ते कुणाच्यातरी प्रश्नाला उत्तर देत होते.

"नाही, नाही, ती गेली. केव्हाच गेली."

मी हाक मारली नाही. गाडीही सुरू केली नाही. आवाज झाला असता.